चाळीस ग्रॅम

मिरकरवाड्याच्या जेटीला पाठ लावून माझं वर्कशॉप.
तीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं उघडतोय.
आमच्यात शंका आली की प्लेट जाड घेतात,
एक नट पुरतो तिथे दुसरा चढवतात,
कारण पंचवीस वाव पाण्यावर
पाना घेऊन धावत कुणी येत नाही.

दिवाळी सरली आणि ही पोरं आली.
अस्मी गोताड, पाष्ट्यांचा प्रणील, आणखी तिघं.
टेम्पोतून गाडी उतरवली ती हातांवर,
मासळी विकून झालेली पाटी उतरवावी तशी.
एकशे अठरा किलो.
"अजून उतरवायचंय, निजामभाई," अस्मी म्हणाली
आणि ड्रिल घेऊन बसली.
पेडलला भोकं, सीटच्या पट्टीला भोकं,
बोल्टांच्या डोक्यांनाही.
म्हटलं, बाय, गाडी बनवतेस की जाळं?

शर्यत सहा तासांची, वर सड्यावर,
बंद पडलेल्या चिरेखाणीला वळसा घालून.
जांभ्याची ती खडबड, दाढेतलं सिमेंट सुटेल.
शेवटची रेघ गाडीने स्वतःच्या इंजिनावर ओलांडायची,
ढकललेली चालत नाही.

सरावातून रोज काहीतरी सैल होऊन यायचं.
खाऱ्या हवेने हिरवा पडलेला कनेक्टर,
आरसा,
एकदा तर प्रणीलच्या खिशातून तीन वॉशर निघाले,
कुठले ते कुणालाच सांगता येईना.
सायलेन्सरचा ब्रॅकेट तीनदा तुटला.
तिसऱ्या वेळी पोरांना चहाला पिटाळलं
आणि आतल्या बाजूने एक त्रिकोणी तुकडा बसवला,
बोटाच्या पेराएवढा.
टाका मारला, घासला, काळा रंग फासला.
चाळीस ग्रॅम.
बोललो नाही कुणाला.

सतरा गाड्या सुटल्या.
कोल्हापूरच्या पोरांची चेन दुसऱ्या तासाला गेली,
गोव्याची पेट्रोल भरून पुन्हा पेटलीच नाही.
मी खुर्ची उलटी फिरवून बसलेलो, समुद्राकडे तोंड.
इंजिन बघायचं नसतं, ऐकायचं असतं.
पाच तास एकोणचाळीस मिनिटं
भात निवडल्यासारखा स्वच्छ आवाज,
मग त्यात एक खडा.
मग काहीच नाही.

सायलेन्सर लोंबला होता, त्याने वायर ओढली,
वायर तुटली, ठिणगी मेली. एवढंच.
वाकून हात घातला. चटका बसला.
माझा टाका शाबूत,
आणि त्याच्या कडेने, अगदी कडेने,
फ्रेमच्या नळीत केसासारखी चीर.
हादरा कुठेतरी राहायला जाणारच.
मी त्याला माझ्या दारातून हाकलला,
तो शेजारणीच्या घरात शिरला.

काजूच्या बागेच्या कुंपणाची तार तोडून बांधली.
वायर प्रणीलने दातांनी सोलली.
रेघ ओलांडली, स्वतःच्या इंजिनावर,
सहा तास चार मिनिटांनी.
यादीत नाव नाही.

रात्री वर्कशॉपमध्ये मी अस्मीला सांगून टाकलं.
ती मासळीच्या काट्यावर स्पॅनर ठेवत होती, उगाच.
"ठाऊक होतं," म्हणाली.
"त्याच रात्री वजन केलं, चाळीस जास्त.
टाका ओळखला. तुमचे टाके होडीचे असतात."
"मग कापून का नाही काढलास?"
"वाटलं, तुम्हाला कळत असेल."

बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
मला काही सुचेना.
मग तिला म्हटलं, तो दिवा इकडे धर.
चीर कुठवर गेलीय ते नखाने चाचपलं
आणि ती जिथे संपत होती तिथे, बरोबर टोकाला,
बारीक बिट लावून एक भोक पाडलं.
पत्रा फाटत निघाला की आम्हीही हेच करतो,
फाटत आलेली रेघ भोकात पडते, पुढे जात नाही.

अस्मी हसली नाही.
भुसा फुंकला
आणि तो कण न् कण काट्यावर ठेवला.
काटा हलला नाही.